डगेरोटाइपमधील प्रेमकथा

अमेरिकी कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांचा जन्म ४ जुलै १८०४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदरगावी झाला. ते अगदी लहान असताना जहाजाचे कप्तान असलेले त्यांचे वडील गेले. वारशाने आला तो एक कलंक! १६९२ साली याच सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ निरपराधांना फासावर चढवण्यात आले. त्या खटल्यांतील न्यायाधीशांत हॉथॉर्न यांचे पूर्वज होते. तरुणपणी त्यांनी आडनावात एक अक्षर वाढवले. मनावरचे ओझे मात्र उतरले नाही.

१८३९ साली फ्रान्समध्ये लुई दागेर यांचे छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनची वाफ, मग प्रकाश आणि शेवटी पाऱ्याची वाफ अशा क्रमाने चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. त्याच वर्षअखेरीस सोफिया पीबडी यांना लिहिलेल्या पत्रात हॉथॉर्न यांनी मनातले सूक्ष्म विचारही असेच उमटवता यावेत, अशी इच्छा व्यक्त केली. १८४२ साली दोघे विवाहबद्ध झाले. १८४८ च्या सुमारास हॉथॉर्न स्वतः डगेरोटाइपसाठी कॅमेऱ्यासमोर बसले.

हा सारा अनुभव १८५१ मधील ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या कादंबरीत उतरला. तिला त्यांनी आवर्जून ‘रोमान्स’ म्हटले. तिचा नायक होलग्रेव्ह डगेरोटाइप काढणारा आहे. चेटकाचा ठपका ठेवून पिंचन घराण्याने त्याच्या पूर्वजाचा बळी घेतलेला. चारचौघांत हसतमुख वावरणाऱ्या जज्ज पिंचनचा क्रूर स्वभाव त्याच्या पत्र्यावर लख्ख उमटतो. परंतु दुसऱ्याचे अंतरंग न्याहाळणे ही एक सत्ताच असते. त्याच घराण्यातील फीबी त्याची गोष्ट ऐकताना भारून जाते, तेव्हा तिच्या मनावर ताबा मिळवणे त्याला सहज शक्य असते. तो हात आवरतो. पुढे मृत जज्जचे चित्र तो तिच्या हाती देतो आणि त्याच घडीला तिच्यापाशी प्रेमाची कबुलीही देतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर तिथे संपते.

१९ मे १८६४ रोजी प्रवासात असताना हॉथॉर्न यांचे निधन झाले. कादंबरीला प्रेरणा देणारे सेलममधील घर १९१० पासून संग्रहालय म्हणून जतन झाले आहे. पूर्वजांचा अन्याय त्यांना पुसता आला नाही. कादंबरीत मात्र त्यांनी अन्याय करणाऱ्यांच्या लेकीला आणि अन्याय सोसणाऱ्यांच्या वारसाला एकत्र आणले.