एड्सगर डाइक्स्ट्रा

एड्सगर वायबे डाइक्स्ट्रा (जन्म : ११ मे १९३०, रॉटरडॅम, मृत्यू : ६ ऑगस्ट २००२, न्यूनेन) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. दोन ठिकाणांमधील लघुतम मार्ग शोधण्याच्या त्यांच्या रीतीमुळे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परिचित असते. बिघाडानंतर बाहेरच्या मदतीशिवाय पूर्वपदावर येणाऱ्या वितरित प्रणालींची, म्हणजेच स्व-स्थिरीकरणाची, संकल्पनाही त्यांनीच मांडली. तिच्याकडे मात्र जवळजवळ दशकभर कोणी फारसे लक्ष दिले नाही.

पूर्वायुष्य

डाइक्स्ट्रा यांचे वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते, तर आई गणिताची जाणकार होती. लायडन विद्यापीठात ते सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत होते. १९५१ साली त्यांनी केंब्रिज येथे आज्ञालेखनाचा अल्पकालीन अभ्यासक्रम केला आणि १९५२ पासून ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह झाला, तेव्हा नोंदणी अधिकाऱ्यांनी प्रोग्रामर हा व्यवसाय मान्य केला नाही. असा व्यवसाय त्यांच्या ऐकिवातच नव्हता. अखेर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली.

लघुतम मार्गाची रीत त्यांना १९५६ साली ॲम्स्टरडॅममधील एका कॅफेत बसले असताना, कागद-पेन्सिलीशिवाय, सुमारे २० मिनिटांत सुचली. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली.

कारकीर्द

१९६२ पासून डाइक्स्ट्रा आइंडहोव्हेनच्या तंत्र विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी सामायिक साधन आळीपाळीने कसे वापरावे, हा प्रश्न तेथे त्यांच्यापुढे होता. सेमाफोर ही योजना त्यातूनच आली. १९६५ च्या त्यांच्या एका छोट्या लेखाने परस्पर-अपवर्जनाचा प्रश्न सोडवला. मात्र त्यात सर्व प्रक्रियांना एकच स्मृती वाचता येते, असे गृहीत होते. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७३ पासून ते बरोज कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनेन येथील घरूनच काम करू लागले. फाउंटन पेनने लिहिलेली, क्रमांक दिलेली टिपणे ते सहकाऱ्यांना पाठवत. अशी १,३०० हून अधिक टिपणे त्यांच्या मागे राहिली.

स्व-स्थिरीकरण

नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांचा जेमतेम दोन पानांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातील प्रश्न असा : यंत्रे वलयाकार जोडलेली आहेत, प्रत्येकाला केवळ शेजाऱ्याची अवस्था दिसते आणि संपूर्ण जाळे कोणालाच दिसत नाही. एका वेळी एकाच यंत्राकडे काम करण्याचा विशेषाधिकार असावा आणि तो क्रमाने फिरत राहावा. एखाद्या बिघाडाने पाच यंत्रांना एकदम विशेषाधिकार मिळाला, तर ही चूक ओळखणार कोण?

डाइक्स्ट्रा यांच्या उत्तरात चूक ओळखण्याची गरजच नाही. समजा पाच यंत्रे असून प्रत्येकाची अवस्था ० ते ४ यांपैकी एक अंक आहे. पहिले यंत्र सोडून इतरांचा नियम एकच : डावीकडील शेजाऱ्याचा अंक आपल्यापेक्षा वेगळा असेल तर विशेषाधिकार आपला, आणि तो वापरून झाला की शेजाऱ्याचा अंक उतरवून घ्यायचा. पहिल्या यंत्राचा नियम उलटा आहे. शेवटच्या यंत्राचा अंक त्याच्या अंकाइतकाच असेल तेव्हा विशेषाधिकार त्याचा, आणि मग ते आपला अंक एकाने वाढवते. ४ नंतर पुन्हा ० येतो.

आता अवस्था २, १, ४, १, २ अशी विस्कटली आहे असे मानू. पाचही यंत्रांना विशेषाधिकार आहे. पहिले यंत्र प्रथम हलले, तर त्याचा अंक ३ होतो. हा अंक दुसऱ्या कोणाकडेही नाही, आणि इतर यंत्रे केवळ नक्कल करतात, नवा अंक निर्माण करत नाहीत. त्यामुळे ३ हा अंक एकेक करून शेवटच्या यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत पहिल्याला थांबावेच लागते. तो पोहोचतो तेव्हा पाचही अंक सारखे झालेले असतात आणि विशेषाधिकार एकट्या पहिल्याकडे उरतो. सुरुवात कोणत्याही अवस्थेतून झाली तरी शेवट हाच.

या रीतीची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. सावरण्याच्या काळात दोन यंत्रे एकाच वेळी काम करणार नाहीत, अशी हमी ती देत नाही. बिघाड झाकणे हे तिचे काम नव्हे. बिघाड थांबल्यावर प्रणाली अडकून पडणार नाही, एवढेच ती सांगते.

ही उणीव किती महाग पडते, हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट या जाळ्यात दिसले. मार्गनिवडीसाठी तेथे डाइक्स्ट्रा यांचीच लघुतम-मार्ग रीत वापरात होती. यंत्रातील दोषामुळे काही बिट गळाले आणि एकाच केंद्राचे तीन वेगवेगळ्या क्रमांकांचे संदेश जाळ्यात शिरले. क्रमांक चक्राकार मोजले जात असल्याने प्रत्येक संदेश दुसऱ्यापेक्षा नवा ठरत गेला. मूळ दोष क्षणिक होता, पण ते संदेश फिरतच राहिले आणि जाळे काही तास निकामी झाले. पुढे रेडिया पर्लमन यांनी मार्गमाहिती पसरवण्याची अशी रीत घडवली, की सदोष यंत्र दूर होताच जाळे आपले आपण सावरेल.

१९७४ च्या लेखात डाइक्स्ट्रा यांनी तीन उत्तरे दिली होती, सिद्धता मात्र एकाचीही नव्हती. दुर्लक्षाला हा त्रोटकपणाही कारणीभूत असावा. १९८३ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतील भाषणात या लेखाची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि त्यानंतर अभ्यासक या विषयाकडे वळले. तीन उत्तरांपैकी तीन अवस्थांच्या उत्तराची सिद्धता डाइक्स्ट्रा यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली.

अखेरची वर्षे

१९८४ ते १९९९ या काळात ते ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. २००२ च्या आरंभी ते न्यूनेनला परतले. त्याच वर्षी वितरित संगणनावरील परिषदेने १९७४ च्या लेखाला प्रभावी शोधनिबंधाचा पुरस्कार दिला. ६ ऑगस्ट रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००३ पासून तो पुरस्कार डाइक्स्ट्रा पुरस्कार या नावाने दिला जातो.