अपूर्ण काळाचा अभ्यासक : ओटो येस्पर्सन

इंग्रजी व्याकरणाचा तास म्हटला, कीं वर्गांतील पुष्कळ मुलांच्या कपाळास आठ्या पडतात. त्यांतही अपूर्ण काळ आला म्हणजे घोटाळा ठरलेलाच. मी जातों आणि मी जात आहें, हा भेद मराठी बोलणाऱ्या मुलास कोणी शिकवावा लागत नाहीं. तरी तोच मुलगा इंग्रजी लिहूं लागला, कीं आय ॲम नोइंग किंवा आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स असें बेधडक लिहून जातो. शिक्षक तें तांबड्या शाईनें खोडतो, मुलगा मुकाट्यानें सोसतो, आणि हें चूक कां, हा प्रश्न तसाच राहून जातो. हा प्रश्न ज्यांनीं जन्मभर सोडला नाहीं, अशा एका थोर वैयाकरणाचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. नवल हें, कीं हे गृहस्थ इंग्रज नव्हते. इंग्रजी ही त्यांना आपल्याप्रमाणेंच शिकून मिळवावी लागलेली परकी भाषा होती.

ओटो येस्पर्सन यांचा जन्म १६ जुलै १८६० रोजीं डेन्मार्क देशांत, जटलंड प्रांतांतील रान्डर्स या गांवीं झाला. घराण्यांत पिढ्यान् पिढ्या न्यायाधिकाऱ्यांची परंपरा होती व वडीलही न्यायाधीश होते. ओटो दहा वर्षांचा असतां पितृछत्र हरपलें, आणि पुढें तीन वर्षांनीं आईही गेली. अशा पोरक्या मुलास पुस्तकांनीं सोबत दिली. रासमुस रास्क या डॅनिश पंडिताचीं व्याकरणें त्याच्या हातीं पडलीं, आणि त्यांच्या साह्यानें त्यानें आइसलंडी, इटालियन व स्पॅनिश या भाषांशीं आपली आपण ओळख करून घेतली. हा रास्क आपणांस अगदींच परका नव्हे. तो १८२० सालीं मुंबईस आला होता, आणि तेथील पारशी लोकांकडून त्यानें अवेस्ता भाषेचीं जुनीं हस्तलिखितें मिळविलीं होतीं.

१८७७ सालीं ओटो कोपनहेगनच्या विद्यापीठांत दाखल झाला, तो घराण्याच्या रीतीप्रमाणें कायदा शिकण्यासाठीं. जवळ पैसा नव्हता, म्हणून तो शाळेंत शिकवी व डॅनिश कायदेमंडळांत लघुलेखकाचें काम करी. परंतु कलमें घोकण्यांत त्याचें मन रमेना. चार वर्षें अशीं गेल्यावर, १८८१ सालीं, त्यानें कायद्याचा अभ्यास सोडला व भाषांचा धरला. ज्याच्या पाठीशीं आईबाप नाहींत, त्यानें वाडवडिलांची ठरलेली वाट सोडून अशा आडवाटेस लागावें, ही सामान्य गोष्ट नव्हती. या अभ्यासानें पोट भरेल, अशी हमी त्यास कोणी दिली नव्हती.

१८८७ सालीं फ्रेंच हा मुख्य विषय घेऊन येस्पर्सन पदवीधर झाले. नंतर त्यांनीं इंग्लंड, जर्मनी व फ्रान्स या देशांचा प्रवास केला. इंग्लंडांत हेन्री स्वीट व फ्रान्सांत पॉल पासी या उच्चारशास्त्रज्ञांचा सहवास त्यांस घडला. कोपनहेगनचे पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनीं त्यांस इंग्रजीकडे वळण्याचा सल्ला दिला, व तो त्यांनीं मानला. १८९१ सालीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली, आणि १८९३ पासून १९२५ पर्यंत ते कोपनहेगन विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक होते.

त्यांच्या काळीं परकी भाषा शिकविणें म्हणजे नियम पाठ करून घेणें आणि तुटक वाक्यांचें भाषांतर करविणें, अशी समजूत फार होती. येस्पर्सन यांनीं तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. त्यांचें भाषाशिक्षणावरील पुस्तक १९०१ सालीं डॅनिशमध्यें व १९०४ सालीं इंग्रजींत निघालें. मुलानें आधीं अर्थपूर्ण भाषा ऐकावी, बोलावी, वाचावी. नियम त्यांतून त्यानें स्वतः शोधावा, असें त्यांचें म्हणणें होतें. स्वतः व्याकरण लिहितांना त्यांनीं हाच मार्ग धरला. जुनीं नवीं पुस्तकें व वर्तमानपत्रें वाचतां वाचतां ते वाक्यें चिठ्ठ्यांवर उतरून घेत. अशा असंख्य चिठ्ठ्या जमत, व मग त्यांतून नियम आकारास येई. व्याकरणकारानें भाषेस हुकूम सोडूं नयेत, ती कशी चालते हें पाहावें, ही त्यांची निष्ठा होती.

याच दृष्टीनें त्यांनीं अपूर्ण काळाकडे पाहिलें. या रूपांस ते विस्तारित काळ म्हणत, आणि १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या व्याकरणाच्या चौथ्या भागांत त्यांनीं त्यांचा विस्तारानें विचार केला. त्यांचा मुख्य सिद्धान्त चौकटीचा आहे. तो आपल्या भाषेंतील उदाहरणानें समजून घेऊं. मी दारांत पाऊल टाकलें तेव्हां आई दळीत होती, असें आपण म्हणतों. पाऊल टाकणें ही एका क्षणाची गोष्ट. दळणें त्यापूर्वीं सुरू झालेलें होतें व त्या क्षणीं संपलेलें नव्हतें. म्हणजे दळण्याची क्रिया ही चौकट झाली आणि पाऊल टाकण्याचा क्षण तिच्यांत बसला. इंग्रजींतील वॉज ग्राइंडिंग या रूपाचें कामही हेंच.

हें रूप आलें कोठून, याचाही त्यांनीं शोध घेतला. पूर्वीं इंग्रजींत, शिकारीवर असणें, अशा अर्थाची ऑन हंटिंग ही रचना होती. आपण कामावर असणें म्हणतों तशीच. पुढें ऑन हा शब्द झिजून नुसता अ राहिला, आणि अखेरीस तोही गळून हंटिंग एवढेंच उरलें. आजच्या रूपांत या रचनेचा मोठा वांटा आहे, असें त्यांचें मत होतें. याबाबत पंडितांचें एकमत नाहीं, तरी विद्यार्थ्यांस या विचाराचा मोठा उपयोग आहे. मनुष्य शिकारीवर असूं शकतो, लिहिण्याच्या कामांत असूं शकतो. पण एखादी गोष्ट माहीत असण्याच्या कामावर कोणी जात नाहीं, किंवा दोन भाऊ असण्याच्या उद्योगांत कोणी गुंतलेला नसतो. या स्थिति आहेत, चाललेल्या क्रिया नव्हेत. म्हणून तेथें आय नो व आय हॅव हींच रूपें साजतात. तांबड्या शाईमागचें कारण तें हें.

चौकटीचा सिद्धान्त सर्वच ठिकाणीं पुरा पडत नाहीं, हें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. एखादा मनुष्य सदा कुरकुरत असतो, असें इंग्रज याच रूपानें म्हणतो, तेव्हां तेथें चौकटीपेक्षां बोलणाऱ्याचा वैतागच अधिक असतो. तसेंच, घर बांधलें जात आहे, या अर्थाचें इज बीइंग बिल्ट हें रूप इंग्रजींत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजूं लागलें. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक विद्वानांनीं त्यास अशुद्ध ठरवून नाकें मुरडलीं, परंतु लोकांनीं तें सोडलें नाहीं, व आज त्यावांचून चालत नाहीं. प्रत्यय झडले म्हणून भाषा बिघडत नाहीं, उलट ती पुढें जाते, असें मत येस्पर्सन यांनीं १८९४ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें होतें. अशा नव्या रूपांकडे ते दोष म्हणून नव्हे, तर भाषेची कमाई म्हणून पाहत.

त्यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाचा पहिला भाग १९०९ सालीं निघाला. निवृत्तीनंतरही काम थांबलें नाहीं. १९४० च्या एप्रिलांत जर्मन सैन्यानें डेन्मार्क व्यापला. त्याच वर्षीं पांचवा भाग बाहेर आला व १९४२ सालीं सहावा. सातव्या भागाचें काम चाललें असतां, ३० एप्रिल १९४३ रोजीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं येस्पर्सन यांचें देहावसान झालें. तो भाग त्यांचे सहकारी नील्स हाइस्लुंड यांनीं पुरा केला व १९४९ सालीं प्रसिद्ध केला. ज्या रूपाचा अर्थ त्यांनीं जगास समजावून दिला, त्याच रूपांत त्यांचा शेवटचा दिवस सांगावा लागतो : ते लिहीत होते, आणि मृत्यु आला.

विद्यार्थ्यांनो, वहींतील वाक्य पुढच्या खेपेस तांबड्या शाईनें खोडलें गेलें, तर मुकाट बसूं नका. हें चूक कां, असें नम्रपणें विचारा. शिक्षकास उत्तर ठाऊक नसेल, तर तोही शोधील; आणि रान्डर्सच्या त्या पोरक्या मुलाचें काम त्या दिवशीं तुमच्या वर्गांत चालूं राहील.