विक्रमी किमतीचा, मोजक्या वेतनाचा आघाडीपटू : टॉमी लॉटन

इंग्लंडचे ख्यातनाम फुटबॉलपटू टॉमी लॉटन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१९ रोजी बोल्टनजवळच्या फार्नवर्थ इथे झाला. वयाच्या सतराव्या वाढदिवशी बर्नली क्लबने त्यांच्याशी व्यावसायिक करार केला आणि त्यानंतर चारच दिवसांनी त्यांनी टॉटनहॅमविरुद्ध तीन गोल नोंदवले.

जानेवारी १९३७ मध्ये एव्हर्टनने साडेसहा हजार पौंड मोजून त्यांना आपल्याकडे घेतले. विख्यात गोलवीर डिक्सी डीन यांचे वारसदार म्हणून ही निवड होती. १९३८-३९ च्या हंगामात लॉटन यांच्या ३४ गोलांच्या बळावर एव्हर्टनने लीगचे विजेतेपद पटकावले. हवेत झेपावून डोक्याने चेंडू जाळ्यात धाडण्यात त्यांचा हातखंडा होता. मात्र त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि उमेदीची जवळपास सात वर्षे लीगविना गेली. तरीही इंग्लंडसाठी २३ सामन्यांत त्यांनी २२ गोल केले. त्यांपैकी चार १९४७ मध्ये लिस्बन इथे पोर्तुगालविरुद्धचे होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी सर्वांना चकित केले. चेल्सी सोडून ते तिसऱ्या श्रेणीतील नॉट्स काउंटी क्लबमध्ये दाखल झाले. वीस हजार पौंडांचा हा व्यवहार ब्रिटनमधील तेव्हाचा विक्रम ठरला. क्लबचे व्यवस्थापक आर्थर स्टोलरी हे त्यांचे चेल्सीपासूनचे स्नेही होते. प्रेक्षकांची गर्दी वाढली आणि १९५० मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. परंतु राष्ट्रीय संघाचे दार लॉटन यांच्यासाठी १९४८ मध्येच बंद झाले होते. ऐन अठ्ठाविसाव्या वर्षी खालच्या श्रेणीत उतरण्याचा निर्णय त्यांना महागात पडला, असेच म्हणावे लागेल.

विक्रमी रक्कम एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जात असे. खेळाडूंच्या वेतनावर मात्र कमाल मर्यादा होती आणि ती १९६१ मध्ये उठली, तोवर लॉटन निवृत्त झाले होते. ब्रेंटफर्ड आणि आर्सेनल या क्लबांकडून खेळल्यानंतर त्यांनी केटरिंग टाउनला सदर्न लीगचे विजेतेपद मिळवून दिले. १९५७ मध्ये ते व्यवस्थापक म्हणून नॉट्स काउंटीत परतले, मात्र क्लबची खालच्या श्रेणीत घसरण झाली आणि वर्षभरातच त्यांना पद सोडावे लागले.

पुढचा काळ अधिक खडतर होता. मद्यगृह चालवणे, विम्याचे काम असे उद्योग त्यांनी केले. पण कशातच जम बसला नाही. कर्ज वाढत गेले. १९७० च्या दशकात फसवणुकीच्या आरोपाची न्यायालयात कबुली देण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९७२ मध्ये एव्हर्टनने त्यांच्या साहाय्यार्थ सामना आयोजित केला. पुढे १९८४ पासून नॉटिंगहॅमच्या सायंदैनिकातील स्तंभलेखनाने त्यांना काहीसे स्थैर्य लाभले.

६ नोव्हेंबर १९९६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाकडे सोपवण्यात आल्या.