पाणथळीचे मित्र सलीम अली

दौंडहून रेल्वेने सोलापूरकडे निघालात की भिगवण सोडल्यावर खिडकीतून उजनी धरणाचे पाणी दिसते. त्या भागातील उथळ पाण्यात हिवाळ्यात लांब पायांचे गुलाबी रोहित पक्षी उतरतात. अशा पक्ष्यांसाठी आयुष्य वेचलेल्या एका माणसाची ही ओळख.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी? मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे पेंढा भरून ठेवलेले पक्षी पाहून मुलगा हरखून गेला. पुढे जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून ते परतले, तर नोकरी नव्हती! मग अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला.

राजस्थानात भरतपूरला एक मोठी पाणथळ जागा आहे. पाणथळ म्हणजे जवळपास तुमच्या ओळखीची दलदलच. ती महाराजांची शिकारीची जागा होती. १९३८ साली तेथे एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी झाली. तिला चुकीची कसे म्हणावे? लोकांना धान्य हवेच होते. पण सलीम अलींनी पंडित नेहरूंना गाऱ्हाणे घातले आणि ती जागा वाचली. १९८१ साली ती रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

पाणथळ जमीन पडीक नसते. ती पुराचे पाणी धरते आणि हळूहळू मुरवते, त्यामुळे जवळच्या विहिरींना पाझर राहतो. गाळ तळाशी बसतो, पाणवनस्पती पाण्यातील घाण शोषतात, मासे तेथे अंडी घालतात. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. अशा नद्यांच्या काठचे चिखलाचे पट्टेही हेच काम करतात.

१९८२ साली भरतपूरला गुरे चारण्यास बंदी झाली. सलीम अलींनाही ती हवी होती. आसपासच्या गावकऱ्यांनी मात्र कडाडून विरोध केला. नंतर त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासात आढळले, की म्हशी चरल्या नाहीत तर गवत माजते आणि बदकांना मोकळे पाणी उरत नाही. सलीम अली १९८७ साली वारले. गावकऱ्यांना हे आधीच ठाऊक होते.