विश्लेषण : परागकणांमुळे नाक का चोंदते? स्वतःवरच प्रयोग करणारे डॉ. ब्लॅकली कोण होते?

शिंका, डोळ्यांची चुरचुर आणि चोंदलेले नाक. ‘हे फीव्हर’ म्हणून ओळखला जाणारा हा त्रास परागकणांमुळे होतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले डॉ. चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली यांनी.

कारण ठाऊक नसलेला आजार
ब्लॅकली यांचा जन्म १८२० मध्ये इंग्लंडमधील बोल्टन येथे झाला. मँचेस्टरमध्ये ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते आणि स्वतः या आजाराचे रुग्णही. त्यांच्याआधी, १८१९ मध्ये डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी स्वतःच्या अशाच दुखण्याचे वर्णन केले होते. मात्र कारणाबाबत एकमत नव्हते. कोणी उन्हाला दोष देई, कोणी धुळीला, तर कोणी वाळलेल्या गवताच्या वासाला.

प्रयोग कसे केले?
ब्लॅकली यांनी १८५९ पासून एकेक कारण तपासायला घेतले. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घातले, हाताची कातडी खरवडून त्यावर लावले. नाक सुजले, हाताला खाज आणि सूज आली. आजच्या ‘स्किन टेस्ट’चे मूळ याच प्रयोगात आहे. चिकट काचांवर हवेतील कण पकडून त्यांनी ते रोज मोजले. उंचावरची हवा तपासण्यासाठी पतंगही उडवले. कण वाढले की त्रासही वाढतो, हे स्पष्ट झाले. १८७३ मध्ये हे संशोधन पुस्तकरूपाने आले.

नाकात नेमके काय घडते?
याचे उत्तर मात्र विसाव्या शतकात मिळाले. ॲलर्जी असलेल्यांचे शरीर निरुपद्रवी परागकणांनाही शत्रू समजते आणि ‘आयजीई’ ही प्रतिपिंडे तयार करते. ती नाकातील मास्ट पेशींना चिकटून राहतात. पुन्हा परागकण आले की या पेशी हिस्टामाइन, ल्युकोट्राइन अशी रसायने सोडतात. त्यामुळे नाकातील रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव पाझरतो, अस्तर सुजते आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही. अडथळा केवळ शेंबडाचा नसतो, सुजेचा असतो. काही तासांनी इतर पेशीही तेथे जमतात आणि सूज टिकून राहते.

पुढे काय झाले?
ब्लॅकली १९०० मध्ये निवर्तले. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये आला, तर परागकणांच्या अर्काची इंजेक्शने देण्याचा लंडनमधील प्रयोग १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दुखण्याचे कारण त्यांनी शोधले, त्यावरचा हा उपचार त्यांच्या वाट्याला आला नाही.