होमी भाभांचा थायरॉइडशी काय संबंध?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या घरात मोठं आजारपण निघालं की अनेकदा लोकल पकडून परळ गाठावं लागतं. याच परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, तर इथे किरणोत्सर्गी आयोडीनने उपचार होतात. अणुभट्ट्या बांधणाऱ्या संस्थेकडे हे काम कसं आलं?

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मेहेरबाई टाटा या त्यांच्या आत्या. भाभा केंब्रिजमध्ये असताना, १९३१ मध्ये आत्या रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्या दुःखातून टाटांच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं.

१९३९ मध्ये सुट्टीवर आलेले भाभा महायुद्धामुळे भारतातच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली. अशा भट्टीत उपचारांसाठी लागणारी किरणोत्सर्गी द्रव्यंही बनवता येतात. १९६२ मध्ये आत्याच्या आठवणीतलं ते हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं, तेव्हा भाभाच खात्याचे सचिव होते. पुढच्याच वर्षी परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं.

आता गळ्यातल्या ग्रंथीकडे येऊ. थायरॉइडचं हार्मोन शरीराचा वेग ठरवतं. ते जास्त झालं की छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, जुलाब होतात. भूक लागूनही वजन उतरतं. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. टेन्शन असेल किंवा लोकलची दगदग असेल, असं म्हणून अंगावर काढलं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडंही ठिसूळ होतात.

हे हार्मोन बनवायला ग्रंथीला आयोडीन लागतं. उपचार याच गोष्टीचा फायदा घेतो. किरणोत्सर्गी आयोडीन तोंडाने दिलं की ग्रंथी ते स्वतःच ओढून घेते आणि तिच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. या आयोडीनचा किरणोत्सर्ग दर आठ दिवसांनी निम्मा होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मात्र ते देत नाहीत. गोळ्या आणि ऑपरेशन हे पर्यायही असतात. आयोडीननंतर अनेकांची ग्रंथी मंदावते आणि मग रोज हार्मोनची गोळी घ्यावी लागते.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावरच्या विमान अपघातात भाभा गेले. ते ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. हे नाव ऐकलं की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो. परळला उपचार घेऊन लोकलने घरी परतणाऱ्या पेशंटला मात्र आठवते ती थांबलेली धडधड.