पोलादाची परीक्षा घेणारे ब्रिनेल

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात. त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे कोयता. कोयत्याचे पोलाद मऊ असेल, तर धार लवकर बोथट होते. ते फाजील कठीण असेल, तर धारेचे तुकडे उडतात. म्हणून लोहार कोयता तापवून त्याला बेताने पाणी देतो. हा बेत त्याला अनुभवाने कळतो. पण एका लोहाराचे 'कठीण' आणि दुसऱ्याचे 'कठीण' सारखेच असेल कशावरून? या प्रश्नाचे उत्तर स्वीडन देशातील एका इंजिनिअरने शोधले. त्यांचे नाव योहान ऑगस्ट ब्रिनेल.

ब्रिनेल यांचा जन्म १८४९ साली ब्रिंगेटोफ्टा या गावी झाला. तंत्रशाळेत शिक्षण घेऊन ते लोखंडाच्या धंद्यात शिरले. १८८२ साली ते फागेर्स्ता येथील कारखान्यात मुख्य इंजिनिअर झाले. पोलाद तापवल्यावर आणि थंड केल्यावर त्याच्या आतील रचना कशी बदलते, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

मराठीतील 'पोलाद' म्हणजे आपल्या ओळखीचा 'फौलाद'. त्या काळी आगगाडीचे रूळ, चाके, यंत्रांचे भाग अशा कितीतरी वस्तू पोलादाच्या होऊ लागल्या होत्या. पोलाद खराब निघाले, तर माणसांच्या जिवावर बेतत असे. तरीही त्याचा कठीणपणा पुष्कळदा कानस घासून अंदाजानेच ठरवत. १८१२ साली मोस या शास्त्रज्ञाने खनिजांची क्रमवारी लावली होती. कोणते खनिज कोणावर ओरखडा काढते, हे तिच्यावरून कळे. पण ते किती पट कठीण, हे कळत नसे.

ब्रिनेल यांनी साधी युक्ती काढली. दहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी धातूवर ठेवायची. तिच्यावर ३००० किलोग्रॅम भार द्यायचा. मग गोळीने पाडलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. धातू मऊ असेल तर खळगा मोठा, कठीण असेल तर लहान! भाराला खळग्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागले की कठीणपणाचा अंक मिळतो. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ही पद्धत जगापुढे आली. १९०७ साली ब्रिनेल यांना इंग्लंडमधील मानाचे बेसेमर सुवर्णपदक मिळाले.

मात्र अंक मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. खळगा ४ मिलिमीटरचा असेल, तर कठीणपणा २२९ येतो. तोच ४.१ मिलिमीटर मोजला, तर अंक २१७ होतो. केसाएवढी चूकही अशी महागात पडते. फार कठीण धातूवर पोलादी गोळी स्वतःच चेपते, हेही लक्षात आले. म्हणून पुढे टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची गोळी वापरात आली.

सगळ्यांची मापे जुळावीत यासाठी प्रत्येक देशाला आपले प्रमाण राखावे लागते. आपल्या देशात हे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. कठीणपणा आधीच काटेकोर मोजून ठेवलेले धातूचे ठोकळे असतात. त्यांच्यावर खळगा पाडून कारखान्यातील यंत्र खरे की खोटे, हे तपासता येते. निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळाही आपली मापे एकमेकींशी ताडून पाहतात आणि सुधारतात. त्यामुळे एका देशात तपासलेल्या पोलादावर दुसऱ्या देशातील कारखानदार विश्वास ठेवू शकतो.

१९२५ साली ब्रिनेल यांचे निधन झाले. आज कठीणपणाच्या अंकापुढे 'एचबी' ही अक्षरे लिहितात. त्यांतील 'बी' म्हणजे ब्रिनेल. विकणारा आणि घेणारा यांच्यातील वाद मिटवणारे एक माप त्यांनी जगाला दिले. माप खरे असले, तरच व्यवहार खरा होतो.